आंतरराष्ट्रीय मापाची दृष्ट

मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे आणि औषधाच्या मापात आजवर माझी एकही चूक झालेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही.

मूळची मी पुण्याची, पण गेली अठरा वर्षं मुक्काम न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला. नवरा मिलिंद इथल्या एका संस्थेत गवतावर संशोधन करतो. (हे ऐकून लोक आधी हसतात, मग त्याच्याकडे बघतात आणि पुन्हा हसतात.) आणि एक मुलगी, रेवा, वय वर्षं सतरा. आमच्या दोन्ही घराण्यांत बर्फाचा संबंध पन्हं आणि मुरगळलेला पाय यांच्यापुरताच आलेला. ही पोर मात्र सातवीत शाळेच्या सहलीबरोबर दोन तासांवरच्या डोंगरावर गेली, पायांना स्की बांधल्या आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "आई, आय वॉन्ट टू डू धिस फॉरेव्हर."

मी म्हटलं, "आधी डबा घासायला टाक."

पण ते फॉरेव्हर खरंच सुरू झालं. शेजारच्या बाईंनी नातीचे जुने बूट आणून दिले. क्लबमधल्या कुणा ना कुणाची आई दर शनिवारी पहाटे तिला गाडीतून डोंगरावर न्यायची, कारण शनिवारी माझी ड्यूटी, आणि बर्फात गाडी चालवायची म्हटलं की मिलिंदला दरदरून घाम फुटायचा. ज्यांची आडनावं मला अजून धड म्हणता येत नाहीत, अशा माणसांनी माझी मुलगी तयार केली. हे मी विनोदाने म्हणत नाहीये.

तर यंदा दक्षिण बेटावरच्या एका दरीत आंतरराष्ट्रीय अल्पाइन स्की शर्यत होती. युरोपात उन्हाळा असतो तेव्हा तिकडचे भलेभले खेळाडू आमच्या हिवाळ्यात सरावाला येतात, त्यातलेच उतरणार होते. आणि रेवाला बोलावणं आलं, फोररनर म्हणून. फोररनर म्हणजे शर्यतीआधी त्याच वाटेवरून, त्याच झेंड्यांमधून उतरून वाट नीट आहे ना हे बघणारी मुलं. पदक नाही, क्रमांक नाही. अशी पाच मुलं होती, त्यात रेवा सगळ्यात लहान म्हणून पाचवी. पण त्या एका उतरणीवर तिचं सगळं ठरणार होतं. देशातल्या तरुण खेळाडूंचा गट निवडणारी प्रशिक्षक तिथे येणार होती, आणि रेवाला पुढच्या मोसमात त्या गटात घ्यायचं की नाही, हे ती ते बघून ठरवणार होती.

रेवाने निघण्याआधीच आम्हा दोघांना समोर बसवलं.

"आई, नो शाउटिंग. नो बाप्पा मोरया."

"मी काय वेडी आहे का?"

"यू डिड इट लास्ट टाइम. विथ अ स्टीलची थाळी."

"ते उत्साहाच्या भरात झालं."

"जस्ट बी नॉर्मल, ओके? फॉर वन डे."

मी वचन दिलं. मिलिंदनेही दिलं, पण त्याला त्यासाठी फारसे कष्ट नव्हते.

आता मी विज्ञानाची पदवीधर. दृष्ट लागणं वगैरेवर माझा काडीचा विश्वास नाही. पण करायला काय जातं, हा प्रश्न विज्ञानाने अजून सोडवलेला नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी मोटेलजवळच्या डेअरीत (इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) मी उभी होते आणि मनातल्या मनात हिशेब करत होते. घरगुती नजर असेल तर एका मुलीला मूठभर मीठ, चिमूटभर मोहरी आणि पाच-सात सुक्या मिरच्या पुरतात. पण इथे बारा देशांची माणसं बघणार, वर टीव्हीचा कॅमेरा! डोस रुग्णाच्या वजनावर ठरवायचा असतो हे मी रोज शिकाऊ पोरांना सांगते. मी तो प्रेक्षकांच्या संख्येवर ठरवला आणि दीड किलो मीठ घेतलं. मोहरीचं अख्खं पाकीट आणि मिरच्या घरूनच आणल्या होत्या. मिरच्या मोजून एकवीस.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं एका पांढऱ्या पिशवीत भरून मी झोपलेल्या रेवावरून तीनदा उतरवलं. दोन किलोची पिशवी हात लांब करून फिरवताना खांदे भरून आले. तेवढ्यात मिलिंद जागा झाला.

"काय चाललंय?"

"काही नाही. व्यायाम."

"तिच्या डोक्यावर?"

"झोप तू."

दृष्ट उतरवणं सोपं असतं, प्रश्न पुढचा असतो. पुण्यात ती निखाऱ्यावर टाकली की झालं. मोटेलमध्ये एकवीस मिरच्या जाळल्या असत्या तर स्मोक अलार्मने अग्निशमन दल बोलावलं असतं. नदीत सोडावी म्हटलं तर मिलिंद म्हणाला, "इथल्या नदीत चमचाभर मीठ टाकून बघ, लोक तुला नदीत टाकतील." खोलीत ठेवणं तर शक्यच नव्हतं, उतरवलेली दृष्ट कुणी घरात ठेवतं का? कुणाच्या पायाखाली येणार नाही अशी जागा डोंगरावर नक्की सापडेल, या विचाराने मी पिशवी सॅकमध्ये टाकली. त्यात आणखी एक भीती होती. प्रवासात मिलिंद उकडलेली अंडी खातो आणि मीठ शोधत हिंडतो. म्हणून कामाच्या सवयीने मी पिशवीवर लेबल चिकटवलं आणि रेवालाही कळावं म्हणून ठसठशीत इंग्रजीत लिहिलं: मीठ. खाण्यासाठी नाही.

डोंगरावर मी आणि मिलिंद स्वयंसेवक होतो. अशा शर्यती इथे पगारी माणसांवर चालत नाहीत, खेळाडूंचे आईबाप आणि गावातली माणसं मिळून सगळं करतात. मिलिंदला शेवटून दुसऱ्या झेंड्यापाशी उभं केलं होतं, खेळाडू तिथून नीट गेला की नाही ते टिपायला. मला खालच्या झोपडीत सूप वाढायला दिलं होतं. आमचा मुकादम होता बॅरी. सत्तरीचा, मेंढ्या पाळणारा, गुडघे गेलेला, पण त्या उताराचा इंच न् इंच माहीत असलेला. पहिल्याच भेटीत त्याने माझं शुभदा हे नाव आखूड करून शुब्स करून टाकलं.

सकाळी नऊला ऊन आलं, उबदार वारा सुटला आणि बर्फ भुसभुशीत व्हायला लागला. बॅरी झोपडीत डोकावून म्हणाला, "चला, मीठ मारायला हवं." मला वाटलं मिठाने बर्फ वितळतो. त्याने समजावलं की अशा ओल्या बर्फावर वरून मीठ पेरलं तर तो आधी पाणी सोडतो आणि मग घट्ट बसतो. झोपडीतल्या गोण्यांपैकी एक भिजून दगड झाली होती. बॅरी ओरडला, "मीठ असं लिहिलेलं जे काही दिसेल ते बादल्यांत ओता!"

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मघाशी सनस्क्रीन शोधताना मी सॅकमधून ती पिशवी बाहेर काढली होती आणि गोण्यांच्या शेजारच्या फळीवर ठेवली होती. परत आत ठेवायची राहिली.

त्यानंतर मला कुणी बोलावलं नसताना मी सूप सोडून धावले. "मीही मदत करते." बॅरीने माझ्या बुटांना काटेरी पट्टे बांधले, हातात एक भरलेली बादली दिली आणि सगळ्यात खालचा, फिनिशच्या रेषेजवळचा सौम्य उतार मला दिला. "मूठ भरायची आणि पेरत जायचं. स्वीट अ‍ॅज." (म्हणजे इथल्या बोलीत, झकास.)

मी डोळ्यांवर काळा गॉगल चढवला, हातात जाड मोजे घातले आणि पेरत सुटले. काय सांगू! निळं आकाश, समोर पांढरी दरी, आणि मी या देशाच्या बर्फाला माझ्या हातांनी बळकट करतेय. माझ्या मुलीला या लोकांनी इतकं दिलं, त्याची थोडी तरी फेड होतेय, असं वाटून मला भरूनच आलं. मी मूठ आणखी मोठी घेतली. हात फिरवला. माझ्या मुठीतून एक लालभडक सुकी मिरची उडाली आणि शेवटच्या झेंड्याच्या पायथ्याशी जाऊन पडली.

मी गॉगल वर केला. बादलीत पाहिलं. मग मागे वळून पेरलेल्या बर्फाकडे पाहिलं. वीस पावलांपर्यंत सगळीकडे मोहरी.

शहाण्या माणसाने तिथेच हाक मारली असती. मी ठरवलं की कुणाला कळायच्या आत निदान मिरच्या तरी वेचाव्यात. पहिली वेचली. दुसरीकडे वाकले, काटेरी पट्टा निसटला, आणि मी बसले ती बसलेल्या अवस्थेतच निघाले. शेवटचा उतार मी बादलीसकट पार केला आणि थेट फिनिशच्या रेषेतून गेले. तिथल्या वेळ मोजणाऱ्या यंत्राने आपलं काम चोख केलं आणि मोठ्या फलकावर दिवे लुकलुकले. त्या दिवशी ती रेषा ओलांडणारी पहिली व्यक्ती मीच.

मी उठून बर्फ झटकेपर्यंत शर्यतीचे मुख्य निरीक्षक वरून पाहणी करत तिथवर पोहोचले होते. युरोपातून आलेले, उंच, हसण्याची सवय नसलेले गृहस्थ. त्यांनी वाकून एक काळा दाणा चिमटीत धरला आणि बॅरीला दाखवला. बॅरीने तो जवळून पाहिला, दाताखाली धरला आणि त्याचा चेहरा गोंधळला.

"हे शलगमाच्या जातीचं बी आहे," तो म्हणाला. "मेंढ्यांसाठी मी दरवर्षी पेरतो."

"शर्यतीच्या वाटेवर?" निरीक्षकांनी विचारलं.

बॅरी विचारात पडला. मग त्याची नजर हळूहळू वर सरकत झेंड्यापाशी उभ्या असलेल्या मिलिंदवर गेली. "तू तो गवतवाला ना रे? काही प्रयोग चालू आहे का?"

मिलिंद पांढराफटक पडला. "मी? नाही हो. मी फक्त चाऱ्याचं गवत..." आणि त्याला मिरची दिसली. बावीस वर्षांचा संसार आहे आमचा. त्याने मिरचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

दरम्यान बॅरीने वर थांबायला सांगण्यासाठी वॉकीटॉकी तोंडाशी धरला होता. "स्टार्ट होल्ड करा" म्हणून झालं, पण बटणावरचा अंगठा त्याने उचललाच नाही. त्यामुळे यापुढचं सगळं संभाषण पूर्ण डोंगराने ऐकलं.

"ते माझं आहे," मी म्हणाले.

"हे काय आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

"संरक्षण."

"कशापासून?"

आता दृष्ट इंग्रजीत कशी सांगायची? "म्हणजे लोकांनी माझ्या मुलीकडे फार कौतुकाने बघितलं, तर तिला त्रास होऊ नये म्हणून."

"मॅडम, तुमची हरकत प्रेक्षकांना आहे का?"

"नाही, नाही. प्रेक्षक येऊ देत. त्यांनी फक्त... साधारण बघावं."

"आणि तुमची मुलगी कोण?"

"फोररनर नंबर पाच. रेवा."

नाव घ्यायला नको होतं हे कळायच्या आत ते गेलं होतं. तेव्हा कुठे बॅरीच्या लक्षात आलं आणि त्याने अंगठा उचलला. वॉकीटॉकीतून आधी वरच्या पन्नास माणसांच्या हसण्याचा गडगडाट आला आणि मग त्यातून एक बारीक आवाज.

"आई."

एवढंच. एका शब्दात सतरा वर्षांची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकली. मला तिथल्या तिथे बर्फात गाडून घ्यावंसं वाटलं. एका दिवसापुरतं नॉर्मल राहायचं एवढंच तर पोरीने मागितलं होतं.

निरीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की काळा दाणा ऊन ओढून घेतो, प्रत्येक दाण्याखाली बर्फ वितळेल आणि वेगात आलेल्या खेळाडूची स्की तिथे अडकू शकेल. अर्ध्या तासात वाट साफ झाली तर ठीक. नाही झाली तर वेळ वाचवायला पाचऐवजी दोनच फोररनर सोडावे लागतील.

म्हणजे रेवा नाही. सहा वर्षांचे शनिवार, आणि माझ्या मोहरीपायी नाही.

मी गुडघ्यांवर बसले आणि वेचायला लागले. दहा-बारा दाणे झाले असतील, शेजारी कुणीतरी बसलं. बॅरी. गुडघे गेलेला माणूस, बसताना कळ येऊन कण्हला. मग मिलिंद आला. मग सूपवाल्या दोघी, मग वेगवेगळ्या देशांची जाकिटं घातलेले प्रशिक्षक, ज्यांचा माझ्या मोहरीशी काहीएक संबंध नव्हता. कुणी मला एक वाकडा शब्द बोललं नाही. पाचव्या मिनिटाला त्या उतारावर तीसेक माणसं रांगेने ओणवी होती.

वेचण्याची त्यांची पद्धत मात्र भयंकर होती. हातमोज्याने एक दाणा उचलायचे, दुसरा आत दाबायचे. मला राहवेना.

"असं नाही," मी ओरडले. "मोजे काढा. तांदूळ निवडतात तसं. बोटांच्या टोकांनी पुढे ओढायचं आणि ओंजळीत घ्यायचं!"

कुणीही न कुरकुरता मोजे काढले. माझ्या शेजारी निळ्या जाकिटातली एक बाई होती, तिला ते पटकन जमलं. हात चालू असले की माझं तोंडही चालू राहतं, त्यात जीव टांगणीला लागलेला. मी तिला रेवाबद्दल सगळं सांगून टाकलं. सकाळी पाच हाका मारल्याशिवाय उठत नाही. ओले मोजे सॅकमध्ये तसेच ठेवते. शर्यत असली की आम्ही रजा काढून जातो, तेव्हा हरली की गाडीत दोन तास रडते आणि आम्ही पुढे बसून भजी खातो, कारण बोलायची सोय नसते.

"आणि पुढच्या शनिवारी?" तिने विचारलं.

"पुढच्या शनिवारी काय? पाचला दारात बूट घालून उभी. तिला घरी थांबवून दाखवा तुम्ही."

बाई हसली आणि पुन्हा वेचायला लागली. निरीक्षकांनी येऊन विचारलं, "मिरच्या एकूण किती?"

"एकवीस," मी ताडकन सांगितलं.

"खात्री आहे?"

"मी फार्मासिस्ट आहे."

यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. वीस सापडल्या, एकविसावी बादलीच्या तळाशी निघाली. मग क्लबच्या मुलांनी वरचा थर फावड्याने खरवडला, खरं मीठ पेरलं, स्कीने दाबून घेतलं. दोन मिनिटं शिल्लक असताना निरीक्षकांनी अंगठा वर केला.

पाचही जण उतरले. रेवा शेवटी. वरच्या वळणावर लाल हेल्मेटचा ठिपका दिसला आणि मी मिलिंदचा दंड इतका घट्ट धरला की तिथे आठवडाभर वळ होता. ती एकेका झेंड्याला खांदा घासत खाली येत होती, न थबकता, न डगमगता. मघाशी ज्या जागी तीस माणसं ओणवी होती तिथून ती सर्रकन गेली आणि फिनिश पार करून थांबली. मी ओरडले नाही. दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी राहिले, वचन दिलं होतं म्हणून.

तर आजूबाजूची ती तीस माणसं ओरडली. बॅरी सगळ्यात मोठ्याने.

निळ्या जाकिटातली बाई रेवाकडे गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बोलायला लागली. मी बॅरीला विचारलं, "ती कोण?"

"केट? ती निवड करते. तरुण मुलांचा गट तिचाच."

ओले मोजे, पाच हाका, भजी, सगळं मी स्वतःच्या तोंडाने तिला सांगून बसले होते. मिलिंद शांतपणे म्हणाला, "अगं, पत्रिका दाखवायची राहिली का?"

रेवा आमच्याकडे चालत आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"आई."

"सॉरी गं बाळा. मी खरंच..."

"आय अ‍ॅम इन."

मिलिंदने तिला उचललंच. मी रडत होते आणि रडता रडताच विचारलं, "मी एवढं सगळं सांगूनसुद्धा?"

"शी सेड, पुढच्या शनिवारचं तू जे सांगितलंस ना, तिला ते आवडलं." रेवा क्वचितच एवढं सलग मराठी बोलते. "अँड ती म्हणाली, सगळा माउंटन रेडिओवर हसत होता, एनीवन वुड हॅव फॉलन अपार्ट. यू स्कीड लाइक नथिंग हॅपन्ड. एवढ्या प्रेशरची प्रॅक्टिस कुठे केलीस?"

"मग तू काय सांगितलंस?"

"अ‍ॅट होम."

मी तिला घट्ट मिठी मारली. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या मुलीला दुसऱ्यांनीच घडवलं आणि मी नुसती तिचे डबे भरले. तिच्या प्रशिक्षणातला माझा वाटा किती मोठा आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तोही मी गेली सतरा वर्षं एक पैसा न घेता, रोज, न चुकता देत आले होते.